घरात मराठीतच बोला

मी तापट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. शाळेत माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते फारसं खोटंही नाही. विशेष मुलांच्या शाळेत शिकवणारी बाई म्हणजे शांत, सोशिक, देवमाणूस, अशी लोकांची समजूत असते. लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की समोरचा माणूस हात जोडून म्हणतो, "फार पुण्याचं काम करता तुम्ही." मी हसून वेळ मारून नेते. मुलांवर मी चिडत नाही, एवढं मात्र खरं. माझा सगळा राग मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. उशिरा येणारे पालक, सभेला न येणारे पालक, येऊन गप्प बसणारे पालक, आणि न विचारता सल्ला देणारे सहकारी. या शेवटच्या जातीचा मला फारच तिटकारा होता.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. चार खोल्या, एक पत्र्याचं शेड आणि चारही बाजूंनी यंत्रमाग. दिवसभर खटखट चालू असते. नवीन माणसाला ती सहन होत नाही, आम्हाला ती ऐकूच येत नाही. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात, आणि माझ्या वर्गातली मुलं हातातलं काम सोडून छताकडं बघायला लागतात. या भागात घरोघरी तेलगू बोललं जातं. पिढ्यानुपिढ्या इथंच राहिलेली ही माणसं बाहेर आपल्याशी झकास सोलापुरी मराठी बोलतात आणि उंबरा ओलांडला की तेलगूत शिरतात. बारा वर्षं मी या भागात नोकरी करत होते आणि मला तेलगूतलं एक वाक्य येत नव्हतं. त्याची मला लाज वाटत नव्हती. उलट थोडा तोराच होता.

लॉकडाऊननंतर शाळा उघडल्या, त्या पहिल्या महिन्यात ती मुलगी आमच्याकडं आली. सात वर्षांची होती. डाऊन सिंड्रोम असलेली मुलं दिसतात तशी, गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची, आणि आल्या आल्या कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारी. तोंडावर मास्क टिकत नव्हता. ती तो काढून टेबलावर ठेवायची आणि आई पुन्हा चढवायची. वडील मागावर टॉवेल विणायचे. आई घरी बिड्या वळायची. ती मूळची तेलंगणातल्या कुठल्याशा खेड्यातली, लग्न होऊन इथं आलेली. फॉर्म भरताना सगळी उत्तरं वडीलच देत होते. आई मुलीच्या कानात काहीतरी पुटपुटत होती आणि मुलगी खुदखुदत होती. हे मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि कुठंच लिहिलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

"घरी कोणती भाषा बोलता?" मी विचारलं.

"तेलगूच की, मॅडम. भायेर मराठी, मागावर हिंदी पन."

"आणि हिच्याशी?"

"आई तेलगूच बोलती. तिला तेवडंच येतंय."

मी पेन खाली ठेवलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा आपण फार समंजस बोलतोय असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "हे बघा, हिला आधीच बोलता येत नाही. त्यात तुम्ही तीन-तीन भाषांचा मारा केलात तर हिच्या डोक्याचा भुगा होईल. आजपासून घरात मराठीतच बोला. एकच भाषा. तेलगू एकदम बंद."

वडिलांनी लगेच मान डोलावली. आईनं त्यांना हळूच काहीतरी विचारलं. त्यांनी दोन-चार शब्दांत उत्तर दिलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिनंही मान हलवली. मी त्याचा अर्थ 'कळलं' असा घेतला आणि पुढचा रकाना भरायला लागले.

हा सल्ला मी माझ्या मनानं काढला नव्हता. पदविका करताना वर्गात कुणीतरी तो जाता जाता सांगितला होता आणि मी वहीत खाली रेघ मारून लिहून ठेवला होता. पण नुसतं वहीवर ढकलण्यात अर्थ नाही. दुसरंही एक कारण होतं. मी मोडनिंबची. आमच्या घरात 'हाय', 'न्हाय', 'कुटं', 'हितं'. शिकायला सोलापुरात आले तेव्हा वर्गात पहिल्यांदा उठून उत्तर दिलं आणि मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. वर्षभरात मी माझी जीभ अशी घासून पुसून घेतली की दिवाळीला घरी गेले तेव्हा चुलती म्हणाली, "आमच्यासंगं बी पुस्तकातलंच बोलती व्हय गं आता?" तिला वाईट वाटलं होतं. मला मात्र ती शाबासकी वाटली. घरची बोली सोडली की माणूस पुढं जातं, असं मी तेव्हापासून धरून चालले होते. त्या मुलीलाही मला पुढंच न्यायचं होतं.

आमच्या शाळेत एक मावशी आहेत. कागदोपत्री त्या काळजीवाहक. म्हणजे मुलांना संडासला नेणं, धुणं, कपडे बदलणं, भरवणं, फिट आली तर कुशीवर वळवून धरणं, हे सगळं त्यांचं काम. त्या याच भागातल्या, घरी तेलगूच. मुलगी शाळेत येऊन दोन आठवडे झाले असतील. मधल्या सुट्टीत मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, ती नवी पोरगी बोलती की."

मी मूल्यमापनाचा कागदच भरत होते. 'अर्थपूर्ण शब्द' या रकान्यात 'नाहीत' असं नुकतंच लिहिलं होतं.

"काय बोलते?"

"पानी मागती, अम्माला हाक मारती, ह्ये नको त्ये दे म्हनती. परवा तर मला म्हातारी म्हनली की. माजे केस बगून." आणि मावशी मनापासून हसल्या.

खोलीत आणखी दोन शिक्षिका डबा खात होत्या. त्याही हसल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मावशी, त्याला शब्द म्हणत नाहीत. ते सवयीचे आवाज असतात. आणि तुम्ही तिच्याशी तेलगूत बोलत असाल तर आधी ते बंद करा. इकडं मी शिकवायचं आणि तिकडं तुम्ही पुसायचं. तुम्ही तुमचं काम बघा, मी माझं बघते."

मावशींनी बादली उचलली आणि त्या गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी "नेते, मॅडम" आणि "झालं, मॅडम" एवढंच बोलायला लागल्या. मला वाटलं, बरं झालं, शिस्त लागली.

मावशींचे पांढरे केस बघून त्यांना म्हातारी म्हणून चिडवणाऱ्या मुलीला भाषा नाही, असं लिहिणाऱ्या बाईला काय म्हणावं? मी आजवर स्वतःला याचं उत्तर देते आहे. जे शब्द मनात येतात ते इथं लिहिण्याजोगे नाहीत.

पुढची दोन वर्षं मी त्या मुलीवर जीव तोडून मेहनत घेतली. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आळशी शिक्षिकेच्या हाती पडली असती तर कदाचित तिचं नुकसान कमी झालं असतं. चित्रांची कार्डं, खऱ्या वस्तू, आरशासमोर बसून ओठांचे व्यायाम, टाळ्यांची गाणी. पहिला शब्द आला तो 'पोळी'. मग 'फूल', 'बस', 'शाळा', 'दे', 'घे'. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस भिंतीवरच्या तक्त्यावर तिच्या नावापुढं चाळीसच्या वर शब्द लागले होते आणि दोन-दोन शब्द जोडून ती बोलायला लागली होती. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मी रोज घरचा अभ्यास टाकायची. 'आज घरी हे पाच शब्द मराठीत म्हणून घ्या.' तिच्या घरून न चुकता अंगठा यायचा. तो अंगठा वडील मागावरून, हातातलं काम न सोडता पाठवतात, हे मला पुढं कळलं.

आई पालक सभेला यायची. मागच्या ओळीत, भिंतीला टेकून, पदर घट्ट ओढून बसायची. तिच्या हाताला तंबाखूचा उग्र वास असायचा. बाकीच्या आया घरच्या गमती सांगायच्या, तक्रारी करायच्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या. ही नुसती बघत राहायची. एका सभेत मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही घरी बोलता की नाही हिच्याशी? शाळेत एकटीनं किती घसा फोडायचा मी?" तिनं दाराकडं पाहिलं. दारात मावशी उभ्या होत्या. मावशींनी मान खाली घातली. मी फाइलमध्ये लिहिलं, 'पालक सहकार्य कमी. आई उदासीन.'

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी मुलीला माइकसमोर उभं केलं. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुलीनं एक हात पुढं केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, पाणी दे." शेड टाळ्यांनी दणाणलं. आई पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. मुख्याध्यापकांनी व्यासपीठावरून सांगितलं की शिक्षक आणि पालक यांनी हातात हात घालून काम केलं तर काय घडू शकतं, ते आज आपण पाहिलं. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. आईचं रडणं मी माझ्या हिशेबात आनंदाचं धरलं आणि त्या नारळाच्या वड्या करून दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वाटल्या.

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा आठवड्यातून एकदा येणाऱ्या वाचा उपचार तज्ज्ञ बदलल्या. नव्या बाई म्हणजे अगदी तरुण मुलगी होती, शिक्षण संपवून वर्षही झालं नव्हतं. माझ्या निम्म्या वयाच्या पोरीनं माझ्या मुलांच्या फाइली चाळाव्यात हेच मला पटत नव्हतं. दोन-तीन शनिवार तिनं त्या मुलीला नुसतं पाहिलं. शाळा सुटताना आई न्यायला यायची तेव्हाही ती खिडकीतून बघत असायची. मग ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, ही शब्द छान म्हणते. पण आई आल्यावर आईच्या तोंडाकडं बघत नाही. काही सांगायला जात नाही. नुसती पिशवी देते आणि चालायला लागते. घरी आई कशी बोलते हिच्याशी?"

"मराठीतच बोलते," मी म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच बजावलं आहे."

मग अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "आईला मराठी येतं का?"

दोन वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "सोलापुरात राहते म्हटल्यावर येत असणारच." आणि माझीच बाजू खरी करायला मी मावशींना हाक मारली. त्या ओले हात पुसत आल्या.

"मावशी, हिच्या आईला मराठी येतं ना?"

"बाजारापुरतं येतं, मॅडम."

"मग घरी पोरीशी काय बोलते?"

"काय न्हाय बोलत."

"काय नाही म्हणजे?"

"गप ऱ्हाती की. तुमीच सांगितलंत न्हवं, तेलगू बंद म्हनून."

आणि अशा वेळीही माझ्या तोंडून निघालं ते काय, तर, "मग तुम्ही मला हे सांगितलं का नाही?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "बोलाय आलते की एकदा."

त्या तरुण मुलीनं मला दोष दिला नाही. ती एवढंच म्हणाली की आईला ज्या भाषेत हसता येतं, चिडता येतं, काहीबाही सांगत बसता येतं, ती भाषा मुलाला आधी हवी. आम्हाला आता असंच शिकवतात, म्हणाली. ती हे हळू आवाजात, खाली बघून म्हणाली, तेच मला जास्त लागलं. मी दोन दिवस घरात सगळ्यांवर भडकत होते. भाजीत मीठ जास्त पडलं ते नवऱ्यामुळं, आणि कुकरमधला भात करपला तोही नवऱ्यामुळंच. रविवारी माळ्यावरून जुनी वही काढली. रेघ मारलेलं ते वाक्य सापडलं. कुणी सांगितलं, कशावरून, काही लिहिलेलं नव्हतं. निळ्या शाईतलं एक वाक्य, आणि त्याखाली पट्टी लावून मारलेली माझी रेघ.

सोमवारी मी मावशींना म्हणाले, "माझ्याबरोबर तिच्या घरी याल का? मला तिथं बोलता येणार नाही." इतक्या वर्षांत मी त्यांना 'आणा', 'न्या', 'पुसा' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. याल का, असं तर कधीच विचारलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं आणि जराही ताणून न धरता म्हणाल्या, "येते की. पर आज त्यांच्याकडं पान्याचा दिवस हाय. पानी भरून झालं की जाऊ."

आता आमच्या शाळेत नवीन मूल आलं की मावशी माझ्या शेजारी खुर्चीवर बसतात. मूल संडासात काय बोलतं, जेवताना कुणाकडं बघतं, कशाला हसतं, हे त्या सांगतात आणि मी लिहून घेते. आईला आधी विचारते, तुम्ही हिच्याशी कसं बोलता, जरा बोलून दाखवा. बाहेरून पाहणी करायला आलेल्या लोकांनी याचं कौतुक केलं, आणि त्यात कुणालातरी माझा मोठेपणाही दिसला. मला त्या वेळी खाली जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. हे सगळं त्या सोमवारनंतरचं आहे. त्या मुलीला त्याचा किती उपयोग झाला, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या सोमवारी चारच्या सुमारास आम्ही निघालो. पाचव्या दिवशी पाणी आलेलं, त्यामुळं बोळ सगळा ओला होता. दारोदारी पिंपं, घागरी, तेलाचे रिकामे डबे भरून ठेवलेले होते. त्यांचं घर म्हणजे एक खोली. पलीकडच्या भिंतीला लागून माग चालू होते आणि फळीवरची भांडी बारीक थरथरत होती. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. मुलगी दुसऱ्या भिंतीला पाठ लावून, सुताची रिकामी रिळं एकावर एक रचत होती. दोघींत चार हातांचं अंतर असेल. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मला बघून आई इतक्या घाईनं उठली की सुपातला तंबाखू जमिनीवर सांडला. "शाळेतनं काढनार काय, मॅडम?" ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं मराठी वाक्य. ते तिनं कुणाकडून तरी विचारून, पाठ करून ठेवलं असावं, असं मला वाटलं.

मावशींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग त्या तेलगूत बोलायला लागल्या. आई आधी एकेक शब्द बोलली. मग तिचा बांध फुटला. ती बोलत होती आणि मावशी मला सांगत होत्या.

"म्हनती, पयलं मी दिवसभर हिच्यासंगं बोलायची. बिड्या वळत वळत. पान कापलं की पानाचं, आबाळ आलं की आबाळाचं. गावाकडच्या म्हशीचं, आईचं. ही मधी मधी हुंकार द्यायची, चिडवायची, हसायची. तुमी सांगितलं तसं समदं बंद केलं. चुकून तोंडातनं काय निघालं की हिचा बाप म्हनायचा, मॅडमनी नको म्हनलंय, पोरगी बिगडंल."

आई परत बोलली, आता जमिनीकडं बघत.

"म्हनती, मराठीत मला ये, जा, खा, बस, नको, येवडंच येतं. दोन वर्सं तेवडंच बोलले. लाड कराय येत न्हाय, रागवाय पन येत न्हाय. कुत्र्याला बोलतो तसं बोलले, म्हनती, माज्या पोरीला."

मी म्हणाले, "स्नेहसंमेलनात त्या एवढ्या का रडल्या, ते विचारा." उत्तर ऐकून मावशींनी पदरानं डोळे पुसले.

"सांगा, मावशी."

"म्हनती, माइकवर ती आई म्हनली तवा मला वाटलं, दुसऱ्या कुनाला हाक मारती."

आई आणखी काहीतरी म्हणाली. मावशी म्हणाल्या, "ह्ये न्हाय सांगत मी." मी हट्ट धरला. तेव्हा भिंतीकडं बघत त्या म्हणाल्या, "म्हनती, मॅडमचा काय दोस न्हाय. मॅडम शिकलेल्या हायत."

याच्यापेक्षा तिनं माझ्या तोंडात मारली असती तर चाललं असतं. मी दोन वर्षं तिला उदासीन म्हणत होते. फाइलमध्ये, सभेत, मुख्याध्यापकांसमोर. माझी आज्ञा अख्ख्या शाळेत एकाच पालकानं शब्दशः पाळली होती, आणि तिच्याच नावापुढं मी 'सहकार्य कमी' असं लिहिलं होतं.

मी म्हणाले, "मावशी, त्यांना सांगा, माझं चुकलं. तेलगू बंद करा म्हणाले ते साफ चुकलं. त्यांनी आधीसारखं बोलावं. पानाचं, आभाळाचं, म्हशीचं, सगळं. आत्तापासून बोलावं."

मावशींनी ते बराच वेळ लावून सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश दिसला नाही. तिनं मुलीकडं पाहिलं. मुलीनं आमच्यापैकी कुणाकडंच पाहिलं नाही, ती रिळं रचत होती. आईनं ओठ उघडले आणि परत मिटले. दोन-तीनदा असं झालं. मग ती माझ्याकडं वळली आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "तुमी भायेर बसा, मॅडम. तुमी असलं की... भीती वाटती."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीशी, स्वतःच्या भाषेत बोलायला तिला माझी भीती वाटत होती. मी उठले. मावशीही माझ्यामागून बाहेर आल्या. आम्ही दाराबाहेर पिंपाशेजारी उभ्या राहिलो. मी चपला पायात सरकवल्या होत्या, पण पाऊल पुढं टाकवत नव्हतं.

आतून आईचा आवाज आला. आधी एकदम बारीक. मग थोडा मोकळा. ती एकेक वाक्य बोलत होती आणि मध्ये थांबत होती, उत्तराला जागा ठेवावी तशी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मावशी माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "म्हनती, आज पानी लवकर आलं, तू शाळंत हुतीस. म्हनती, घागर भरताना माजा पाय घसरला, तू असतीस तर लई हसली असतीस." मी मान हलवली. आई पुन्हा काहीतरी म्हणाली आणि स्वतःच जरासं हसली.

रिळं रचण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ती हुंकार देईल. माझे कान त्या दाराला चिकटले होते.

मुलगी बोलली. मराठीत बोलली. वर्गात कुणी घरच्या भाषेत तोंड उघडलं की मी समोर जाऊन उभी राहायची, हनुवटी वर करायची आणि एकेक अक्षर तोडून जे म्हणायची, ते तिनं अगदी माझ्याच ठसक्यात म्हटलं.

"नीट बोल."

मावशींना त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. आत रिळांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग आई मराठीत म्हणाली, "बरं."